सात वर्षांच्या मैत्रीचा तो मेसेज पुढे पाठवू नका, त्यातलं जवळपास काहीच खरं नाहीये

परवा शाळेच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. "मानसशास्त्र सांगतं, जी मैत्री सात वर्षं टिकते ती आयुष्यभर टिकते." आणि खाली अजून तीन ओळी, की चाळिशीनंतर खरे मित्र मिळत नाहीत, खऱ्या मैत्रीत सारखं बोलावं लागत नाही, आणि जो सोडून गेला तो कधी आपला नव्हताच. सगळ्यांनी बदाम टाकले. रात्री त्याच ग्रुपमधल्या एकीने मला वेगळा मेसेज केला, अगं आमची मैत्री तर सतरा वर्षांची होती, ती तुटली, मग माझंच काहीतरी चुकलं असणार ना? ते वाचून मला झोप लागली नाही, म्हणून एकेक ओळ घेऊन लिहितेय.

पहिली ओळ, सात वर्षांची. कुठलं मानसशास्त्र, कोणी सांगितलं, ते मेसेजमध्ये कधीच नसतं. सात वर्षं आणि मैत्री यावर एक खरा अभ्यास मात्र आहे, नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठातल्या गेराल्ड मोलेनहोर्स्ट यांचा, २००९ मध्ये तो बराच गाजला होता. १८ ते ६५ वयाच्या १००७ लोकांना विचारलं, तुम्ही मनातलं कोणाशी बोलता, घरातल्या कामाला मदत कोणाची घेता, आणि सात वर्षांनी त्यातल्या ६०४ जणांना परत गाठून तेच विचारलं. निघालं बरोब्बर उलटं. गोतावळा साधारण तेवढाच राहिला पण त्यातली जवळपास निम्मी माणसं बदललेली होती, आणि सल्ला-मदतीच्या त्याच जागेवर टिकलेली माणसं होती फक्त ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सात वर्षं हे दोन मुलाखतींमधलं अंतर होतं, ते ओलांडलं की मैत्री पक्की असं तिथे काही नाहीये. जुनी मैत्री नव्यापेक्षा टिकायची शक्यता जास्त हे मला मान्य आहे, कारण कच्ची नाती तोवर गळून गेलेली असतात, पण त्याला गॅरंटी म्हणत नाहीत.

आणि माणसं बदलतात ती वाईट असतात म्हणून नाही, भेटायच्या जागा बदलतात म्हणून. हे तर फार जुनं आहे, अमेरिकेत एमआयटीच्या वेस्टगेट वसाहतीत लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी बघितलं होतं (१९५० चं पुस्तक) की लोकांची मैत्री सगळ्यात जास्त शेजारच्या दाराशी होते, दोन-चार दारं पलीकडे गेलं की झपाट्याने कमी. मुंबईत लोकलच्या लेडीज डब्यातला ग्रुप ज्यांनी अनुभवलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. हळदीकुंकू, डोहाळजेवण सगळं त्या डब्यात होतं, आणि एकीचं ऑफिस बदलून तिची गाडी बदलली की वर्षभरात वाढदिवसाच्या मेसेजपुरतं नातं उरतं. यात चूक कोणाचीच नसते.

चाळिशीची ओळ पटकन संपवते. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास आहे, नव्या गावी राहायला गेलेली मोठी माणसं आणि कॉलेजची नवी मुलं यांच्यावर. ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, मैत्री म्हणण्याइतकं व्हायला ९०, जिवलग व्हायला २०० च्या वर, आणि ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास त्यात फारसे मोजले जात नाहीत. मुद्दा वयाचा नाहीये, तासांचा आहे. सकाळी रोज तासभर कोणासोबत चाललात तर २०० तास सात महिन्यांत होतात.

आता "खऱ्या मैत्रीत सारखं बोलावं लागत नाही". रोज नाही, ठीक. पण ही ओळ वाचून लोक वर्षानुवर्षं फोन करत नाहीत आणि नातं आहे तसंच असेल असं धरून चालतात, त्याचं मला वाईट वाटतं. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी ब्रिटनमध्ये शाळा संपवून बाहेर पडलेल्या ३० मुलामुलींची नाती दीड वर्षं तपासली. नातेवाइकांशी जवळीक संपर्क कमी होऊनही बऱ्यापैकी टिकली, मैत्रीतली मात्र उतरत गेली. भावाशी दोन वर्षं नीट बोलला नाहीत तरी तो भाऊच राहतो, मैत्रीला ती सोय नाही. मुलींची मैत्री बोलण्याने टिकली, मुलांची मात्र एकत्र काहीतरी करण्याने. हे मी घरात बघितलंय, नवऱ्याच्या मागे लागून लागून मित्राला फोन करायला लावायचे, "काय कसं", "मजेत", दोन मिनिटांत संपलं, आणि दोघांनी रविवारचं बॅडमिंटन सुरू केल्यावर सहा महिन्यांत त्या मित्राने स्वतःहून वडिलांच्या आजारपणाचं सगळं सांगितलं.

बऱ्याच जणांना वाटतं, इतक्या वर्षांनी फोन केला तर काय म्हणेल. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ५९०० हून जास्त लोकांवर प्रयोग करून दाखवलं की आपण धरतो त्यापेक्षा समोरच्याला जास्त आनंद होतो, आणि संपर्क जितका अनपेक्षित तितका जास्त.

शेवटची ओळ सगळ्यात वाईट. जो गेला तो आपला नव्हता, म्हणजे जो राहिला तो आपला? मानसशास्त्रज्ञ कॅरिल रस्बल्ट यांनी १९८० पासून माणसं नात्यात का राहतात यावर काम केलं. नात्यात माणूस राहतो ते समाधान किती, दुसरा मार्ग आहे का, आणि आजवर किती काय घातलंय या तिन्हीवर. १९९५ मध्ये त्यांनी आणि जॉन मार्ट्झ यांनी मारहाणीमुळे आसऱ्याला आलेल्या बायकांचा अभ्यास केला, तर ज्यांच्याकडे जायला दुसरी वाट कमी आणि ज्यांचं त्या संसारात जास्त अडकलेलं त्याच परत त्या घरी जाण्याची शक्यता जास्त होती. टिकलं म्हणजे खरं होतं असं त्या बायकांना कोण सांगणार? आणि प्रेम असूनही माणसं लांब जातात, बदली होते, आजारपणं येतात, कोणाला एखादी गोष्ट सहन होत नाही.

माझी आई हॉस्पिटलात होती तेव्हा एक मैत्रीण अठरा दिवस रोज डबा घेऊन यायची, दोन बस बदलून, आईला बिनतिखटाचं वेगळं करून. आज आमचं बोलणं नाही, सांगण्यासारखं भांडणही झालं नाही, तिची बदली झाली, इकडे सासऱ्यांचं दुखणं सुरू झालं आणि फोन लांबत गेले. ती कधी माझी नव्हतीच असं कोणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. सतरा वर्षांवालीला मी हेच सांगितलंय.