ब्रेक घासून राहिले ना जी!

सेमिनरी हिल्सचा उतार उतरताना कारच्या पुढच्या चाकातून ‘चींऽऽ’ असा आवाज येऊ लागला. ब्रेक पॅडला पत्र्याची एक बारकी पट्टी असते. पॅड झिजून तीनेक मिलिमीटरवर आला की ती डिस्कला, म्हणजे पॅड जिला दाबून धरतो त्या चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, घासते आणि किंचाळते. किंचाळणं हेच तिचं काम, आणि ती ते इमानदारीनं करत होती.

शेजारचे काका म्हणाले, “आवाज येते म्हणजे ब्रेक लागून राहिला ना! न आला तर घाबरा.”

मेकॅनिकनं चाक काढलं. “साहेब, पॅड तं टाकाच लागन, दोन्ही बाजूचे. डिस्कले चऱ्या पडल्या. लेथवर घासून आणू का नवीच टाकू? मागच्या ड्रमचं बोलाल तं जुन्याच शूवर नवं लायनिंग मारून देतो.” (मागच्या चाकांत डिस्कच्या जागी ड्रम, म्हणजे फिरणारा पोकळ डबा. त्याला आतून दाबतात ते शू, अन् शूवरचा झिजणारा थर म्हणजे लायनिंग.)

झालं. घरात बैठक बसली. बायको म्हणाली, “अहो, गाडीची किंमत किती, अन् तिच्यावर खर्च किती करता?” तिचा भाऊ त्याहून दिलदार. “भाऊजी, ब्रेक कशाले बदलवता? गाडीच बदलवा!” त्याला स्वतःचे पैसे लागणार नव्हते. काकांनी मात्र इतिहास काढला. त्यांच्या ॲम्बेसेडरला डिस्क नव्हतीच, ड्रमवरच ते चिखलदऱ्याचा घाट उतरले होते. कसे उतरले, हे काकूंनी सांगितलं नाही. त्या नुसत्या वर पाहून हात जोडून बसल्या.

एवढ्या सल्लागारांत उत्तर फक्त डिस्कला माहीत होतं. ती कमीत कमी किती जाडीपर्यंत चालेल, तो आकडा तिच्यावरच कोरलेला असतो. माझ्या डिस्कवर होता २० मिलिमीटर. काका व्हर्नियर घेऊन गॅरेजमध्ये हजर. मोजलं, बावीस! “पाहा, नवी कोरी आहे,” असं त्यांनी जाहीर केलं. मेकॅनिक हसला. डिस्कच्या अगदी काठाला पॅड लागतच नाही, तिथे न झिजलेली कड उभी राहते. काकांनी नेमकी तीच मोजली होती. आतल्या बाजूला निघाले २०.४. लेथवर दोन्ही बाजू घासायच्या म्हणजे चऱ्या जाईपर्यंत ती विसाच्या खाली जाणार. आता वादाला जागाच उरली नाही. पुढे डिस्कची नवी जोडी, नवे पॅड, मागे लायनिंग. ब्रेक ऑइलही बदललं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं, मग तापल्यावर लवकर उकळतं. नागपूरच्या मे महिन्यात मीही तेच करतो.

बिल पाहून बायकोनं बैठकीचा मुद्दा परत काढला. मी पैसे मोजले, चावी घेतली, जोशात गाडी काढली. तेवढ्यात मेकॅनिक खिडकीशी धावत आला.

“साहेब, नवे ब्रेक आहेत. पॅड अन् डिस्क जमेपर्यंत, दोन-तीनशे किलोमीटर, जोरात दाबू नका.”

मी मान डोलावली आणि सीताबर्डीच्या गर्दीत शिरलो. पुढचा ऑटोवाला डावीकडे हात दाखवून उजवीकडे वळत होता.