मराठवाड्यात सूर्याचे छायाचित्रण सकाळीच करावे
सौरडागांची, म्हणजे सूर्यबिंबावरील काळ्या डागांची, छायाचित्रे भर माध्यान्ही घ्यावीत, हा सूर्याच्या छायाचित्रणावरील आपल्या लेखातील सल्ला मराठवाड्यापुरता तरी बदलावा, असे परभणीतील अनुभवावरून आग्रहाने सुचवावेसे वाटते. आमच्याकडे सकाळी दहाच्या पुढे स्लॅब आणि पत्रे तापले, की त्यांवरून उठणाऱ्या गरम हवेमुळे सूर्यबिंबाची कड सतत थरथरते आणि डागाच्या गडद गाभ्याभोवतीची उपच्छाया, म्हणजे फिकट कडा, पुसट होते. म्हणून मी दुर्बीण गच्चीऐवजी शेतात, उसाच्या कडेला मांडतो आणि साडेनऊच्या आत काम आटोपतो. मे २०२४ मधील १३६६४ क्रमांकाचा प्रचंड डागसमूह, ज्याच्या उद्रेकांनंतर लडाखमधील हानले येथून ध्रुवीय प्रकाश टिपला गेला, तो मला असाच स्पष्ट मिळाला.

फिल्टरविषयी लेखात एकच ओळ आहे, ती मात्र फार अपुरी वाटते. सुमारे एक लाखांश प्रकाशच आत सोडणारा सौरफिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवावा, कारण नेत्रिकेला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावायचा काळा फिल्टर उष्णतेने तडकू शकतो. मुख्य दुर्बिणीवरची छोटी शोधक दुर्बीणही आठवणीने झाकावी. पुढच्या तोंडावरील सौरफिल्टरमधून डाग दिसतात, परंतु बिंबाच्या कडेवरील सौरज्वाला टिपायच्या असतील, तर हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाशच आत सोडणारा हायड्रोजन-अल्फा फिल्टरच लागतो.