दोन तलवारी पुरे : ‘एक नगरकर’ यांना उत्तर

नगरकर, जय ख्रिस्त.

हरणांच्या शिकारीच्या मोसमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जी प्रतिक्रिया दिलीत तिची दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे लांबण. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : नगरच्या मिशन कंपाउंडात वाढलेला, मुलांचा डॉक्टर असलेला, स्वतःला उदारमतवादी म्हणवणारा माणूस घरात दोन बंदुका ठेवतो आणि वर शिकारीचं कौतुक लिहितो, हा दांभिकपणा आहे. प्रभू येशूनं आपल्या शिष्याला, पेत्राला, तलवार म्यानात घालायला सांगितलं, तेवढंही मी विसरलो. टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेत गोळीबारात १९ मुलं मारली गेल्यावर अशा डॉक्टरनं मुलांना हात लावू नये. आणि खरं कारण काय, तर ट्रम्पच्या पाट्या लावलेल्या खेड्यात गोऱ्या शेजाऱ्यांनी आपल्यात घ्यावं म्हणून घेतलेलं हे सोंग.

सोंगापासून सुरुवात करतो, कारण खोडायला तोच मुद्दा सोपा आहे.

मी पेन्सिल्व्हेनियाच्या उत्तर टोकाला, टायोगा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) राहतो. डोंगर, जंगल, दुभत्या गायींचे गोठे, अधूनमधून गॅसच्या विहिरी. इथल्या चार मतांपैकी जवळजवळ तीन ट्रम्प यांना पडली. इथं मी हौसेनं आलो नाही. जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं पुढचं प्रशिक्षण, करणाऱ्या परदेशी डॉक्टरला ती संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. ती अट माफ करून हवी असेल तर जिथं डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं नोकरी करायची. १९९४ पासूनच्या या कॉनरॅड योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा असतात. अमेरिकेच्या कितीतरी आडगावांत देशी डॉक्टर भेटतो तो या योजनेमुळे. माझी मुदत संपली आणि मी राहिलो.

आता शेजाऱ्यांचं. पहिल्याच हिवाळ्यात पलीकडचा म्हातारा शेतकरी न बोलावता ट्रॅक्टर घेऊन आला आणि माझ्या दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ बाजूला लोटून, चहालाही न थांबता गेला. तेव्हा माझ्या घरात कांदा चिरायच्या सुरीपलीकडे हत्यार नव्हतं. घेता आलंही नसतं. कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर इथं बंदूक विकत मिळत नाही. ग्रीनकार्ड आल्यावर मी ती घेतली. म्हणजे आपलेपणा आधी आणि बंदूक नंतर. मी कुणाला मत देतो हे त्या म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक आहे, कारण निवडणुकीत माझ्याही अंगणात पाटी असते आणि ती त्याच्या खिडकीतून दिसते. त्यावर तो अजून एक अक्षर बोललेला नाही. (त्याची बायको बोलली. पाटी वाकडी लावलीय म्हणाली.)

आणि बंदूक म्हणजे रिपब्लिकनांचीच, हेही तितकंसं खरं नाही. लोकमत अजमावणाऱ्या प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ३२ टक्के प्रौढांनी स्वतःची बंदूक असल्याचं सांगितलं. ग्रामीण भागात ४७ टक्के. रिपब्लिकनांकडे झुकणाऱ्यांत ४५ आणि डेमोक्रॅटांकडे झुकणाऱ्यांत २०. दर पाच डेमोक्रॅटांत एक. आम्ही दिसत नाही, कारण फिलाडेल्फियातल्या मित्रांच्या जेवणात आम्ही बंदुकीचं नाव काढत नाही आणि इथल्या अग्निशमन दलाच्या हॉलातल्या गावजेवणात मताचं.

कशाला हवीय बंदूक, हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. माझ्याकडे हरणासाठी एक रायफल आहे, प्रत्येक गोळीनंतर हातानं खटका ओढून नवं काडतूस भरावं लागतं ती जुन्या पद्धतीची. या राज्यात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालतच नाही. दुसरी बारा बोअरची शॉटगन, रानटर्कीसाठी. पिस्तूल नाही. घेणारही नाही. पिस्तूल हे माणसासाठी केलेलं हत्यार आहे आणि कुठल्याही माणसासाठी तयारीत राहावं असं मला वाटत नाही. शेजाऱ्यांचं मत वेगळं. आमच्या टाउनशिपला, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीला म्हणा, स्वतःचे पोलीस नाहीत. स्टेट पोलिसांची गाडी डोंगर ओलांडून यायची, तोवर आपलं आपण बघायला हवं, असं ते म्हणतात. मी त्यासाठी बंदूक ठेवत नाही, पण त्यांना मूर्खही म्हणत नाही. तिकडे बसून तसं म्हणणं सोपं आहे.

हरणाची गोष्ट अशी की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती इथून जवळजवळ संपली होती. १८९५ मध्ये राज्यानं शिकार आणि वन्यजीव बघणारं गेम कमिशन नेमलं, शिकारीला नियम आले आणि हरणं परत आली. लांडगे मात्र आले नाहीत. आता हरणं इतकी आहेत की जंगलात ओकचं कोवळं रोप वर येऊ देत नाहीत, आणि गाडीला हरीण धडकण्यात हे राज्य देशात दरवर्षी वरच्या नंबरांत असतं. १९३७ च्या एका कायद्यानं रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. रायफलीचा मोसम पूर्वी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी उघडायचा आणि शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारी उघडतो, तरी सोमवारची सुट्टी मोडायची हिंमत बऱ्याच शाळांना झालेली नाही. डोक्यावर, छातीवर, पाठीवर मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कपडा घालून सगळा गाव रानात असतो. शिकारीआधी कोर्स करावा लागतो. माझ्या वर्गात बाकी सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं होती आणि त्यातली निम्मी माझे पेशंट. मिळालेलं मांस आम्ही खातो. नगरच्या काळ्या मसाल्यात त्याचा खिमा उत्तम होतो. जास्तीचं अन्नपेढीला जातं, त्यासाठी १९९१ पासून राज्यभर व्यवस्था आहे. तुम्ही बोकडाचं मटण खात असाल तर या बाबतीत आपल्यात फरक एवढाच, की माझ्या ताटातल्या प्राण्याला मी स्वतः मारलेलं असतं.

आता पेत्राची तलवार. बायबलमधल्या मत्तयाच्या २६व्या अध्यायातलं वचन तुम्ही दिलंत : तलवार धरणारे तलवारीनं नाश पावतात. माझे शेजारी लूकचा २२वा अध्याय काढतात, जिथं प्रभू सांगतो की तलवार नसेल त्यानं वस्त्र विकून ती घ्यावी. दोन्ही वचनं एकाच रात्रीची, प्रभूला अटक झाली तेव्हाची, आहेत हे तुम्हीही सांगत नाही आणि तेही. लूकमध्येच पुढं शिष्य म्हणतात, प्रभू, इथं दोन तलवारी आहेत, आणि तो म्हणतो, पुरे. बारा माणसं, दोन तलवारी, समोरून येणारा जमाव, आणि पुरे! स्वसंरक्षणाचा हा हिशोब कुठल्याही बंदूकवाल्याला पटणार नाही. मग त्यातली एक तलवार चालते, महायाजकाच्या दासाचा कान तुटतो आणि प्रभू तो बरा करतो. क्रुसाआधीचा त्याचा हा शेवटचा आरोग्यदानाचा चमत्कार, आणि जखम केलेली आपल्याच शिष्यानं. डॉक्टर म्हणून मला हा भाग फार लागतो. यातून माणसावर शस्त्र उगारायला परवानगी मिळते असं मला कधीच वाटलेलं नाही. पण पेत्र कोळी होता, आणि त्याच्या हातातल्या मासे चिरायच्या सुरीला प्रभूनं कधी नावं ठेवली नाहीत.

बंदूकवाला ख्रिस्ती म्हणजे गोरा आणि उजवा, हेही तुम्ही गृहीत धरलंत. १९५६ मध्ये अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी पिस्तूल बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. तो फेटाळला गेला. पुढे ते अहिंसेकडे वळले आणि घरातली शस्त्रं त्यांनी काढून टाकली, हेही सांगायला हवं. पण १९६४ मध्ये लुइझियानात जोन्सबरो इथं काळ्या लोकांनी डीकन्स फॉर डिफेन्स ही सशस्त्र संघटना उभी केली ती कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीपासून वस्त्यांची आणि नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांची राखण करायला. आणि १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेचे लोक उघड बंदुका घेऊन फिरू लागले तेव्हा भरलेली बंदूक उघड्यावर बाळगायला बंदी करणाऱ्या कायद्यावर सही कोणी केली? गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. आपल्याकडेही व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या शस्त्रकायद्यानं हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कसुद्धा होता. उदारमतवाद म्हणजे बंदूकविरोध, ही समजूत तुमच्या-माझ्या आयुष्यातली आहे, फार जुनी नाही.

उवाल्डेवर मात्र मी तुमच्याशी वाद घालणार नाही. २०२० पासून या देशात १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे. गाडीचा अपघात नाही, कॅन्सर नाही. फक्त एक गोष्ट जोडतो, कारण ती बातम्यांत येत नाही. २०२२ मध्ये बंदुकीनं ४८,००० हून अधिक माणसं गेली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त, २७,००० च्या वर, आत्महत्या होत्या. खेड्यांत तर मुख्य प्रश्न हाच. बंदुकीनं केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नातून दहातला एखादाच वाचतो. आणि कुठल्याही मार्गानं प्रयत्न करून वाचलेल्यांतले दहातले नऊ पुढे आत्महत्येनं मरत नाहीत. याचा अर्थ, त्या वाईट घटकेला बंदूक हाताशी नसली तर माणूस बहुतेक जगतो. त्या घटकेसाठी कुलूप हवं. आमच्या राज्यात ते सक्तीचं नाही.

म्हणून दवाखान्यात मी प्रत्येक आईबापांना कार सीटचं विचारतो तसंच विचारतो : बंदुका कुठं असतात, भरलेल्या असतात का, काडतुसं वेगळी ठेवता का. फ्लोरिडानं २०११ मध्ये डॉक्टरांनी हे विचारण्यावरच निर्बंध आणले होते; २०१७ मध्ये कोर्टानं ते घटनाबाह्य ठरवले. इथं कायद्याची अडचण नाही, पण आईबापांचे चेहरे बंद होतात. डॉक्टर बंदुका काढून घ्यायला बसलाय, असं त्यांना वाटतं. मग मी सांगतो की माझी रायफल तळघरातल्या तिजोरीत आहे, काडतुसं वर, वेगळ्या किल्लीत. एका बापानं तिजोरी कोणत्या बनावटीची ते विचारलं आणि पुढच्या भेटीत स्वतःच्या तिजोरीचा फोटो दाखवला. त्याच्या घरात उदास राहणारा सोळा वर्षांचा मुलगा होता. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एकाच दुकानातून, आठवड्याच्या आत, एकमेकांशी संबंध नसलेल्या तिघांनी बंदुका घेऊन काही तासांत जीव दिला. तेव्हा तिथले दुकानदारच आरोग्यवाल्यांबरोबर बसले आणि जीव द्यायच्या विचारातलं गिऱ्हाईक कसं ओळखावं, विक्री कधी नाकारावी याची पत्रकं दुकानांतून लागली. आमच्या भागात मी तेच करायला बघतोय. एका दुकानदारानं पत्रक लावलंय, दुसरा अजून विचार करतोय.

कायद्याचं म्हणाल तर मला खाजगी विक्रीतसुद्धा गिऱ्हाइकाच्या गुन्ह्यांच्या नोंदींची पूर्ण तपासणी हवी आहे आणि धोक्यात असलेल्या माणसाची बंदूक कोर्टाच्या हुकुमानं तात्पुरती काढून घेणारा कायदा हवा आहे. पेन्सिल्व्हेनियात रायफल हातोहात विकली तर आजही तपासणी लागत नाही. उवाल्डेनंतर महिन्याभरातच, जून २०२२ मध्ये, दोन्ही पक्षांनी मिळून जो केंद्रीय कायदा केला त्यानं २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाची तपासणी कडक झाली. कौटुंबिक हिंसेच्या हुकुमाखालच्या माणसाकडून बंदूक काढून घेणं घटनेला धरून आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं. हे मी इथं उघड बोलतो आणि माझं चालतंही, पण आमच्या चर्चच्या मंडळीत एकदा हरलो.

टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्सच्या चर्चमध्ये २०१७ साली २६ जीव गेले, त्यात एक न जन्मलेलं बाळ. तेव्हापासून आमच्या मंडळीत धुसफूस होती, की उपासनेच्या वेळी दाराशी दोघांनी पिस्तूल घेऊन उभं राहावं. बाजूनं बोलणारे सदरलँड स्प्रिंग्सच्या चर्चच्या शेजाऱ्याचा दाखला देत होते, ज्यानं स्वतःची रायफल घेऊन धावत जाऊन त्या खुन्याला गाठलं. मी सांगितलं, त्या खुन्याला हवाई दलात असताना झालेली शिक्षा हवाई दलानं तपासणीच्या यादीत कळवली असती तर त्याला दुकानात बंदूक मिळालीच नसती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मतदान झालं, ठराव मोठ्या फरकानं मंजूर झाला. आता दर रविवारी दाराशी दोघं असतात. त्यातला एक मला प्रभुभोजनाचा पेला देतो, त्याच्या कोटाला एका बाजूला फुगवटा असतो. मी मंडळी सोडली नाही. त्या दोघांना मी रक्तस्राव थांबवायचा पट्टा बांधायला शिकवलं आणि तसे पट्टे दाराजवळच्या कपाटात ठेवून घेतले. इतकंच त्यांनी मान्य केलं.

तुमच्या प्रतिक्रियेत एका वाक्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही लिहिलंत, तुम्ही कितीही सभ्य शिकारी असलात तरी तुमचे पैसे त्याच दुकानात जातात. जातात. ज्या दुकानात मी हरणासाठी काडतुसं घेतो त्याच्याच भिंतीवर उवाल्डेत वापरली गेली त्या जातीच्या रायफलींची रांग असते, आणि माझ्या जवळपास दुसरं दुकान नाही. जे आहे त्याचा मालक तोच, पत्रकाचा विचार करणारा. पुढच्या प्रतिक्रियेत मला याच मुद्द्यावर धरा. सोंगाचं आता सोडून द्या.