मी दोन बोटं दाखवली होती

आज चर्चहून घरी आले आणि बूट काढता काढता मोबाईल बघितला. गावाकडच्या आमच्या चर्चमधल्या मंडळीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं होतं. युरोपचा नकाशा, त्यावर लाल बाण, मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातलं लढायांचं आणि लढायांच्या अफवांचं वचन, आणि खाली ठळक अक्षरांत ‘भविष्यवाणी पूर्ण होत आहे, आनंद करा!’ त्याखाली एकतीस आमेन. मी मोजले. त्यातले निम्मे लोक मला लहानपणापासून ओळखतात, संडे स्कूलमध्ये त्यांनीच मला वचनं पाठ करून घेतली.

त्या नकाशावरचा एक बाण माझ्या घरावरून जातो. पोलंडमधल्या झेशूफ या गावात आम्ही राहतो, नवऱ्याची नोकरी इथल्या विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. युक्रेनची हद्द गाडीने तासाभरावर. आनंद करा म्हणे! कशाचा आनंद करू? 10 सप्टेंबर 2025 च्या पहाटे रशियाचे ड्रोन पोलंडच्या हद्दीत घुसले, इथला विमानतळ बंद झाला, लढाऊ विमानांच्या आवाजाने माझा मुलगा उठून आमच्या खोलीत आला आणि काही न बोलता मधे झोपला. नऊ वर्षांचा आहे, एरवी मधे झोपायला लाजतो. त्या पहाटे मला एकही वचन सुचलं नाही, नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवून पडून राहिले.

आणि हे तर काहीच नाही. आम्ही शेजारी आहोत. ज्याचं घर जळतंय तो पलीकडे आहे.

म्हणून लिहितेय. ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं. इथे तुम्ही सगळे माझेच आहात.

मार्च 2022 मधली एक रात्र मी आजवर कुणालाच धड सांगितलेली नाही. युद्ध सुरू होऊन दहाएक दिवस झाले होते. प्शेमिशल हे हद्दीजवळचं पोलिश शहर, तिथल्या जुन्या सुंदर स्टेशनवर युक्रेनमधल्या ल्विव्हहून गाड्यांमागून गाड्या येत होत्या. फलाटावर, पायऱ्यांवर, तिकीटघरात माणसंच माणसं, आणि त्यांत पुरुष जवळजवळ नाहीतच. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती. सगळ्या बायका, म्हाताऱ्या आणि पोरं. बाहेर थंडी अशी की श्वास घेताना नाक दुखायचं. आमच्यासारखे कितीतरी लोक हातात पुठ्ठे धरून उभे होते. क्राकूव्ह, चार. वॉर्सा, तीन. बर्लिन, दोन. माझ्या पुठ्ठ्यावर झेशूफ आणि 2. आमचं घर दोन खोल्यांचं, जादा पलंग एक, म्हणून दोन. घरून निघतानाच नवऱ्याशी बोलून ठरवलं होतं.

एक बाई आली. बरोबर तिची आई आणि सात-आठ वर्षांचा मुलगा, त्याच्या पाठीवर निळं दप्तर. शाळेचंच दप्तर, त्याच्या चेनला अजून शाळेचं ओळखपत्र लोंबत होतं. बाईने पुठ्ठा वाचला, माझ्याकडे बघितलं, मग तिघांकडे हात केला.

मी दोन बोटं दाखवली.

ती ‘ज्येंकुयें’ म्हणाली. धन्यवाद. पोलिशमध्ये, जसं जमलं तसं. मुलाचा हात धरला आणि गर्दीत शिरली. ती रागावली असती तरी चाललं असतं हो. मान हलवून, समजून घेऊन गेली.

नवरा गाडी लावून आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, ‘गाडीत मागे तीन सीट आहेत.’ मी धावले. वीस मिनिटं निळं दप्तर शोधलं. नाही सापडलं.

त्या रात्री आम्ही दुसऱ्या दोघींना घरी आणलं, एक आई आणि तिची कॉलेजातली मुलगी. सात महिने राहिल्या. त्या आईला आज मी ताई म्हणते, आणि ती मला तेच म्हणते, मराठीत. लोक कौतुक करतात, तुम्ही केवढं केलंत म्हणतात. मी गप्प बसते. त्यांना दोन बोटं माहीत नाहीत.

आता परत त्या फॉरवर्डकडे. मत्तयाचं चोविसावं वाचलं की पुढे पंचविसावं पण वाचायचं असतं, एवढंच माझं म्हणणं. प्रभू ‘घाबरू नका’ म्हणाला ते चोविसाव्यात. ‘मी परका होतो, तुम्ही मला घरात घेतलं’ हे पंचविसाव्यात. मधे फक्त एक पान उलटायचं. पण आपण नकाशे काढत बसतो, कुठलं राष्ट्र म्हणजे बायबलमधल्या शेवटच्या लढाईतलं गोग आणि कुठलं मागोग याची यादी करतो. निळं दप्तर पाठीवर घेऊन माणूस समोर उभं राहतं तेव्हा त्याला कुठल्या बाणाखाली बसवायचं?

दुसऱ्याच्या मरणात आपल्या तारणाची घंटा ऐकणं, हे मला पाप वाटतं. होय, पाप. रागावा माझ्यावर.

आणि फक्त आपल्याकडच्या फॉरवर्डवाल्यांना तरी का बोलावं. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, मॉस्कोचे कुलपिता किरिल सप्टेंबर 2022 मध्ये प्रवचनात म्हणाले की युद्धात कर्तव्य करताना जो मरतो त्याचं ते बलिदान त्याची सगळी पापं धुऊन टाकतं. पापं कोणाच्या रक्ताने धुतली जातात हे आपल्याकडे चौथीतल्या पोराला विचारा, सांगेल. वधस्तंभावरून ते रक्त काढून तोफखान्याला दिलं! हे वाचलं त्या दिवशी मी भांडी आपटली होती, ताईने विचारलं काय झालं, आणि मला तिला सांगवेना. ती त्याच परंपरेत वाढलेली. ज्या मरियेच्या चित्रासमोर ती मेणबत्ती लावते, तशाच चित्रासमोर तिच्या गावावर बॉम्ब टाकणाऱ्याची आईसुद्धा लावत असेल. तिच्या देशाने 2023 पासून सरकारी नाताळ 7 जानेवारीवरून 25 डिसेंबरला आणला. आपल्याला तारीख बदलणं सोपं वाटेल. ताई त्या वर्षी जानेवारीतही उपास धरून बसली होती, आणि कुणासाठी ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पोप फ्रान्सिस 2024 मध्ये युक्रेनबद्दल बोलताना पांढऱ्या निशाणाचं, म्हणजे वाटाघाटीला बसण्याचं, धैर्य म्हणाले तेव्हा इथे लोक फार दुखावले. मीही. त्यांना माणसं मरायची थांबायला हवी होती, हे कळतं मला. पण जखमी माणसाला ‘तू आधी हात खाली कर’ म्हणणं माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

माझी आजी उचगावची. कोल्हापूरकरांना पुढचं माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगते. उचगावच्या अलीकडे-पलीकडे आज जे गांधीनगर आहे, जिथे आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो, तिथे 1943 ते 1948 या काळात वळिवड्याची पोलिश छावणी होती. पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं. स्टॅलिनने त्यांना घरांतून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं, तिथून जे जिवंत सुटले ते इराणमार्गे कराचीला, आणि कराचीहून आपल्या कोल्हापुरात. पुढे फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि त्यांचं गांधीनगर झालं. एकाच जमिनीने दोनदा माणसं पोटाशी घेतली.

आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. सांगायची, ‘अगं, त्या पोरी आमच्यागत दोन वेण्या घालायच्या, फकस्त वेण्या पिवळ्या. आणि बाप्ये न्हवतंच त्यांच्यात. सगळ्या बाया न् पोरं.’

बाप्ये न्हवतंच. प्शेमिशलच्या फलाटावर आजीचं हे वाक्य माझ्या डोक्यात होतं. खरंच होतं. आणि तरी मी दोन बोटं दाखवली. वळिवड्याच्या गावातली मुलगी, तिच्या नातीला पोलंडमध्ये घर मिळालं, भाकरी मिळाली, आणि तिने मोजून दोन.

हो, छावणीचा खर्च लंडनमध्ये बसलेलं पोलिश सरकार करत होतं, कोल्हापूरने सगळं खिशातून दिलं असं नाही. कुणीतरी कमेंटमध्ये हे लिहिणारच, म्हणून मीच लिहिते. पण जागा दिली. पाणी दिलं. भाजीवाल्या हातवाऱ्यांनी भाव सांगायला शिकल्या. आजही कोल्हापुरात त्यांचं स्मारक आहे, आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं. मी ते बघायला गेले तेव्हा बरोबरच्या पोलिश मैत्रिणीला म्हटलं, हे माझं गाव. तिने मला मिठी मारली. तिच्या घरातलं कुणी वळिवड्याला नव्हतं, तरी.

त्याच मैत्रिणीने गेल्या रविवारी मिस्सा झाल्यावर चहाच्या टेबलाशी विचारलं, ‘अजून किती वर्षं?’ (आमच्या पद्धतीची मंडळी इथे जवळ नाही, म्हणून मी रविवारी कॅथलिक चर्चमध्ये बसते. प्रार्थना तीच आहे, भाषा वेगळी.) तिने पहिल्या महिन्यात सहा जणांना घरात ठेवलं होतं. माझ्यापेक्षा तिप्पट. तिला मी काय ऐकवणार?

दमलेत लोक. दवाखान्यात नंबर लागत नाही, घरभाडी वाढली, शेतकऱ्यांनी युक्रेनच्या धान्यावरून हद्दीवर ट्रॅक्टर आडवे लावले. ऑगस्ट 2025 मध्ये पोलंडच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी निर्वासितांच्या मदतीचं विधेयक अडवलं, मुलांच्या भत्त्यावरून. दुकानात ताई फोनवर युक्रेनियन बोलत होती तर मागच्या माणसाने तिला पोलिश बोलायला सांगितलं. ती उत्तम पोलिश बोलते. त्याला पोलिशमध्ये सॉरी म्हणाली आणि घरी येऊन रडली. आणि म्हाताऱ्या माणसांच्या मनात वोल्हिनिया आहे, 1943 मध्ये युक्रेनियन बंडखोरांनी हजारो पोलिश गावकऱ्यांना मारलं, ती जखम खोटी नाही. युक्रेनमध्ये शिकणारी आपली भारतीय मुलं फेब्रुवारी 2022 मध्ये मैलोन्‌मैल चालत हद्दीवर आली तेव्हा पलीकडच्या रांगेत त्यांना मागे ढकललं गेलं, हेही मला माहीत आहे. त्यांतल्या सोलापूरच्या एका मुलाला मी मेडिकाच्या नाक्यावर सूप वाढलंय, त्याच्या पायाला फोड आले होते. हे सगळं खरं आहे.

पण शेजारी निवडून मिळत नाही ना. शास्त्र्याने प्रभूला विचारलं होतं, माझा शेजारी कोण? त्यालाही यादीच हवी होती. किती, कुठपर्यंत, कोणते.

उत्तरात प्रभूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलून उतारशाळेत नेणाऱ्याची, गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेन. नाटकात गाढवाचे पुढचे पाय झालेय. पण गेल्या रविवारी रात्री झोप येईना म्हणून लूकचं दहावं काढलं आणि एका ओळीवर अडकले. तो उतारशाळेच्या माणसाला दोन नाणी देतो. दोन. आणि म्हणतो, याहून जास्त खर्च झाला तर परत येताना मी देईन. म्हणजे मोजून दिलं त्यानेही. त्याच्याकडे तेवढंच असेल. पण हिशेब बंद केला नाही.

मी दोन दाखवून हिशेब बंद केला होता. गाडीत तीन सीट असताना.

बराच वेळ बसून राहिले मग. मैत्रिणीवरचा राग गेला. तिने सहा जण ठेवले आणि दमून विचारलं, किती वर्षं. दमलेल्या माणसाला वचन फेकून मारायचं नसतं, त्याच्या घरची भांडी घासायला जायचं असतं. मंगळवारी जाऊन आले, तिच्या आईला दवाखान्यात नेलं. त्या आमेनवाल्यांवरचा राग मात्र अजून आहे. लिहिता लिहिता थोडा कमी झाला, कारण त्यांतल्या एका मावशींनी मला पहिलं बायबल दिलं होतं. मावशी, तुम्ही हे वाचत असाल तर, माझ्यावर प्रीती आहे ना तुमची? मग तो नकाशा काढून टाका. त्याऐवजी त्या मुलासाठी प्रार्थना करा. नाव माहीत नाही. निळं दप्तर म्हणा, देवाला कळेल. आता अकरा-बारा वर्षांचा असेल.

ॲडव्हेंट, नाताळची वाट बघायचा काळ, सुरू झालाय. 24 डिसेंबरला इथे व्हिगिलियाचं जेवण असतं. पहिली चांदणी दिसली की बसायचं, पांढऱ्या चादरीखाली थोडं वाळलेलं गवत, ओप्लातेक नावाची पातळ पोळी एकमेकांच्या हातातून मोडून खायची, आणि टेबलावर एक ताट जास्तीचं. रिकामं. न सांगता आलेल्या पाहुण्यासाठी. बहुतेक पोलिश घरांत असतं. आम्हीही पहिल्या वर्षापासून ठेवतो. 2022 पासून मी एकाऐवजी तीन ठेवते. नवरा का ते विचारत नाही. मुलाने एकदा विचारलं, मी सांगितलं नाही. यंदा सांगेन, मोठा झालाय.

ताई आता बेकरीत काम करते, स्वतःच्या भाड्याच्या खोलीत राहते, पण नाताळला आमच्याकडेच येते. मघाशी फोन केला होता तिने. यंदा पिएरोगी, म्हणजे इथल्या उकडलेल्या करंज्या, किती जणांसाठी करायच्या, विचारत होती.

मी म्हटलं, पीठ जास्तच भिजवू.