व्हर्च्युअल कार्डाविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

पुण्यातील व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, एका संकेतस्थळावरून सोळा आकडी व्हर्च्युअल कार्ड (फक्त क्रमांकाच्या रूपातले, ऑनलाइन पैसे देण्याचे कार्ड) कोणालाही तयार करता येते, त्यासाठी बँक लागत नाही आणि त्यावरचा खर्च हिशेबात दिसत नाही. ही माहिती चुकीची आहे.

कार्ड क्रमांकाचे पहिले 6 किंवा 8 आकडे कार्ड देणारी संस्था दर्शवतात आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे गणितात बसणारा क्रमांक कोणीही जुळवू शकतो हे खरे. परंतु व्यवहाराच्या वेळी विचारणा कार्ड देणाऱ्या संस्थेकडे जाते आणि तिच्या नोंदीत नसलेला क्रमांक तिथेच नाकारला जातो. संदेश लिहिणाऱ्याची गल्लत बहुधा इथेच झाली असावी.

मी भोसरीतील एका लघुउद्योगाचे हिशेब पाहतो. तिथे जाहिरातींच्या खर्चासाठी बँकेच्या पोर्टलवरून वेगळे व्हर्च्युअल कार्ड काढले असून त्याची मासिक मर्यादा 15,000 रुपये आहे. मागच्या महिन्यात 15,240 रुपयांची मागणी आली, ती फेटाळली गेली. झालेला प्रत्येक खर्च कार्डाच्या शेवटच्या चार आकड्यांसह बँकेच्या विवरणपत्रात उतरतो आणि बिलांशी ताळा घेणे उलट सोपे जाते. प्लॅस्टिक नसते, एवढेच. मागे खाते किंवा पतमर्यादा असतेच.

संदेशातील दुव्यावर पॅन किंवा ओटीपी देऊ नये. पैसे गेले असल्यास तातडीने बँकेला कळवून 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हा संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.