चप्पल आणि ‘पॉइंट’

परवा संध्याकाळी माझी उजव्या पायाची चप्पल समुद्राने नेली आणि त्याबद्दल माझा राग समुद्रावर नसून एका गृहस्थांवर आहे.

माझ्या नेहमीच्या किनाऱ्यावर हे गृहस्थ समुद्राकडे पाठ करून मोबाइल न्याहाळत उभे होते. वयाने माझ्याहून वडील दिसत असूनही त्यांनी मला “काका” अशी हाक मारली आणि विचारले, “इथला पॉइंट कोणता?”

पॉइंट नाही म्हणूनच हा किनारा मला प्रिय आहे, हे सांगणे उद्धटपणाचे वाटल्यामुळे मी त्यांना ओल्या वाळूवर पाऊल टेकायला सांगितले. पायाच्या दाबाने वाळूचे कण एकमेकांवरून सरकतात, त्यांच्यातल्या फटी रुंदावतात, वरचे पाणी आत शोषले जाते आणि पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये याचा उलगडा केला, एवढे सगळे मी एका दमात सांगितले. गृहस्थांनी बुटासकट पाऊल टेकले आणि म्हणाले, “बूट भिजला.”

मग मी त्यांना वाळूतले अन्नकण खाऊन उरलेल्या वाळूच्या इवल्या गोळ्या बिळाभोवती मांडणारे खेकडे दाखवले.

“हे किती वाजता सुरू होतं?”

“ओहोटी लागली की.”

“तिकीट?”

“नाही.”

“मग खास नसेल,” असे म्हणून त्यांनी पाण्याकडे प्रथमच पाहिले. “काका, पाणी पुढे येतंय.”

“ओहोटी आहे, मागे जाईल,” मी ठणकावले. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, हे मी भेटेल त्याला ऐकवत असतो. पण त्या हिशेबाने आठ दिवसांत ती साडेसहा तासांहून अधिक सरकते आणि गेल्या आठवड्यात ज्या वेळी ओहोटी होती त्याच वेळी आता भरती असते, एवढा गुणाकार मी केला नव्हता. चपला मात्र गेल्या वेळच्याच ओंडक्याशी ठेवल्या होत्या. अडाणी माणसाने बरोबर असावे, यासारखा अन्याय नाही.

एक चप्पल हाती लागली. दुसरीमागे मी गुडघाभर पाण्यात धावत असताना गृहस्थ चित्रीकरण करत ओरडत होते, “सापडला पॉइंट!” ती चित्रफीत त्यांनी मला दाखवली. तिच्यात मी आहे, तरंगणारी चप्पल आहे आणि एका कोपऱ्यात, कोणाचेही लक्ष नसताना, त्या गोळ्या एकेक करून विरघळत आहेत.