डार्लिंग बंधू खरेच वादक होते

'द अँडी ग्रिफिथ शो' या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या 'द डार्लिंग्ज आर कमिंग' (मार्च 1963) या भागात डार्लिंग नावाचं गाणारं-वाजवणारं कुटुंब येतं. त्याबद्दल एका लेखात म्हटलंय की चारही डार्लिंग मुलं नट होती आणि वाजवणारे दुसरेच. हे चूक. ती मुलं म्हणजे अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या सेलम गावचा 'द डिलार्ड्स' हा ब्लूग्रास (अमेरिकी लोकसंगीताचा एक प्रकार) वाजवणारा संच: डग डिलार्ड बॅन्जोवर, रॉडनी गिटारवर, डीन वेब मॅन्डोलिनवर आणि मिच जेन उभ्या बासवर. मालिकेत त्यांना बोलायला काही नव्हतं, बहुधा त्यामुळेच गैरसमज झाला असावा. त्यांचे वडील ब्रिस्को (डेन्व्हर पाइल) आणि बहीण शार्लीन (मॅगी पीटरसन) मात्र नट, बोलण्याचं काम त्यांचं.

पुन्हा बघाल तेव्हा डगचा उजवा हात बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्हींत तार छेडायच्या नख्या. या बॅन्जोची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांड्याच्या मध्येच, पाचव्या पडद्यापाशी (फ्रेटपाशी). पाचवीपासून पहिलीपर्यंत तारा जी-डी-जी-बी-डी अशा लावतात, म्हणजे अंगठ्याखालची तार सगळ्यांत उंच सुराची. ती सतत मध्येमध्ये वाजते म्हणून तो झरझर ओघ येतो. चार तारांचा टेनर बॅन्जो घेऊन एकाच नखीने हे काढायला गेलात तर फसाल, ती आखूड तारच तिथे नाही. (आपल्या मिरवणुकीतला बेंजो तर वेगळाच, तो बुलबुलतरंगाचा भाऊ.)

आणि हो, मालिकेचे नायक अँडी ग्रिफिथही गिटार खरीच वाजवायचे.